आधीची मूठ

शेवटचे तीन महिने आई अंथरुणावरच होती. वहिनी सांगते, रोज सकाळी ज्वारीचं सूप खाटेजवळ न्यावं लागायचं. आई उजवा हात पुढं करायची, चाचपडत दाण्यांत बोटं रोवायची आणि मूठ वळायची. बोटांत जोर उरला नव्हता. निम्मे दाणे फटींतून परत सुपात पडायचे. राहिलेले ती वहिनीनं पुढं धरलेल्या गाडग्यात सोडायची, मग डोळे मिटून घ्यायची. दळण आता आठवड्याचं एकदम गिरणीतून येतं, पण मूठ मात्र रोजची रोज.

ही रीत आईनं काढलेली नव्हती. आजीकडून ती तिच्याकडं आली. आमचं गाव माण तालुक्यातलं. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेचा भाग, पाऊस सह्याद्रीवरच रिता होतो आणि आमच्याकडं नुसते ढग येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं साताऱ्यात गोरगरिबांच्या पोरांसाठी वसतिगृह चालवलं. त्या पोरांच्या जेवणासाठी मुष्टिफंड होता. घराघरांतल्या बायकांनी जात्यावर बसण्याआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि साठलं की वसतिगृहाला द्यायचं. आजी सांगायची, भाऊरावांच्या लक्ष्मीबाईंनी तर वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्र विकलं. १९३० साली त्या गेल्या. आजीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांचं नाव घेताना डोक्यावरचा पदर नीट करायची. “त्या माउलीनं गळ्यातलं दिलं, आपुन मूठभर जुंधळं द्यायला का कचरायचं?” एवढंच तिचं म्हणणं.

वसतिगृहाला धान्य द्यायचं पुढं थांबलं, पण मूठ थांबली नाही. आई सून होऊन आली तेव्हा आजीनं गाडगं तिच्या हातात दिलं. मग ते गावातच फिरायला लागलं. कुणी बाळंत झालं, कुणाचा कर्ता माणूस गेला, कुणी तापानं फणफणून पडलं, की गाडगं त्या घरी जायचं. आई स्वतःही जायची. नवजात पोराला अंघोळ घालणं, दुखवट्याच्या घरी चुलीपाशी बसणं, लस टोचायला नको म्हणणाऱ्या सासवांची समजूत काढणं ही सगळी कामं तिची. त्यासाठी तिला कुणी नेमलं नव्हतं. वडील मुंबईत मशीद बंदरला हमाली करायचे. मनीऑर्डर कधी यायची, कधी रखडायची. तीन पोरं, म्हातारी सासू आणि दीड एकर कोरडवाहू रान, हा सगळा पसारा तिच्या एकटीच्या अंगावर होता.

लहानपणी मला तिचा राग यायचा, हे मी लपवत नाही.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण आम्हाला खरा चटका बसला तो १९७३ च्या उन्हाळ्यात. मी नऊ वर्षांचा होतो. विहिरींचे तळ उघडे पडले होते, जनावरं मातीमोल विकली गेली होती. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई उजाडायच्या आत घमेलं घेऊन निघायची. तिथं सुकडी मिळायची. आई ती स्वतः खायची नाही. पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आम्हा तिघांत वाटायची. घामानं ओल्या झालेल्या पदरातली ती किंचित खारट, गोड सुकडी माझ्या जिभेवर अजून आहे.

रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता फुटायची आणि गिळताना घशात अडकायची. त्या लाल ज्वारीतूनसुद्धा आई जात्यावर बसण्याआधी मूठ काढायची. एके दिवशी मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “आपल्यालाच पुरत न्हाय. उरंल तवा दे की!”

तिनं जात्याचा खुंटा धरला होता. तो न सोडता ती म्हणाली, “उरल्यावर द्यायचं म्हटलं तर ह्या घरात कधी उरलंय का रं? म्हणून आधी काढायचं.”

मला ते पटलं नाही. नऊ वर्षांच्या भुकेला कसं पटणार? दोन दिवसांनी घरात कुणी नसताना मी गाडग्यावरचं परळ काढलं, दोन मुठी चड्डीच्या खिशांत कोंबल्या आणि दुकानात देऊन गुळाचा खडा अन् फुटाणे घेतले. ओढ्यातल्या बाभळीखाली बसून ते एकट्यानं खाल्ले. धाकट्या बहिणीला एक फुटाणासुद्धा दिला नाही. सगळ्यात जास्त मला तेच टोचत आलं आहे.

संध्याकाळी आईनं मूठ टाकायला गाडग्यात हात घातला आणि तसाच ठेवला. आत बघितलं नाही. धान्य कुठवर आलंय हे तिच्या हातालाच कळायचं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि परळ झाकलं. मी मार खायच्या तयारीनं उभा होतो. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत एक बाई बाळंत झाली. आईनं गाडगं माझ्या डोक्यावर दिलं आणि मला बरोबर घेऊन गेली. बाळंतिणीच्या सासूनं मापटं पुढं केलं. दोन मापटी भरली, तिसरं काठाखाली राहिलं. सासू म्हणाली, “लई झालं बाई. भरलं म्हणायचं.”

“न्हाय,” आई म्हणाली. “दोन मुठी कमी हायत. माझ्याकडं बाकी ऱ्हायल्या. उद्या-परवा पोचत्या करते.”

माझ्याकडं बाकी. हे तिनं माझ्यासमोर, मान वर करून सांगितलं. मी जमिनीकडं बघत होतो. अंगणात एक कोंबडी मापट्यातून सांडलेला दाणा शोधत फिरत होती, ते मला लख्ख आठवतं.

घरी येताना तिचा हात माझ्या मानेवर होता. मीच विचारलं, “दोन मुठी आणायच्या कुठनं?” ती म्हणाली, “मी बघते.” त्या रात्री तिनं अर्धीच भाकरी घेतली, दुसऱ्या रात्रीही अर्धीच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती कुठून भरणार आहे. पुढचे दोन दिवस माझ्या वाट्याची सुकडी मी खाल्ली नाही, कागदात बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीत गेलो, पुडी बाळंतिणीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि एक शब्द न बोलता पळत सुटलो. आईला सांगितलं, “फिटल्या.” तिनं कशानं, कशा, काही विचारलं नाही. त्या रात्री तिनं पूर्ण भाकरी खाल्ली.

मग पाऊस झाला. माणसं सावरली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मी शिकलो, नोकरीला पुण्यात आलो. ती दोन मुठींची गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही.

गेल्या भाद्रपदात आई गेली. माणगंगेच्या काठावर दहाव्याला गाव लोटलं होतं. विधी उरकल्यावर पन्नाशी ओलांडलेला एक माणूस माझ्याजवळ येऊन बसला. तो त्या दुष्काळात जन्मलेला मुलगा होता. म्हणाला, “दादा, आमची आजी मरंपतोर सांगायची. तुझ्या जल्मानंतर घरात पहिली गोड वस्तू आली ती सुकडी. धा वर्साचं पोरगं स्वतःच्या तोंडातला घास देऊन गेलं. असं पोर तिच्याच पोटी यायचं, म्हणायची.”

मला बोलता येईना. पन्नास वर्षं त्या घरात माझ्या चोरीची फेड दान म्हणून सांगितली जात होती, आणि आईनं ते एकदाही खोडून काढलं नव्हतं. खोडायला गेली असती तर चोरी सांगावी लागली असती. तिनं बाकी आपल्या नावावर घेतली आणि फेड माझ्या नावावर राहू दिली.

मी त्याला सगळं सांगितलं. दुकान, गूळ, फुटाणे, बाभळ, बहीण. तो ऐकत राहिला. हातातली काडी वाळूत ओढत होता. माझं सांगून झाल्यावरही बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “गाडगं कुणाकडं हाय आता?”

घरी आलो तेव्हा वहिनी दारातच होती. त्यानं तिलाही तेच विचारलं. ती आत गेली आणि गाडगं घेऊन आली. परळ काढलं. दाणे गळ्याला लागायला चार बोटं कमी होते. तो म्हणाला, “खालच्या आळीला परवा एक पोरगी बाळंतपणाला माहेरी आलीय. तिचा बाप आजारी असतो.” मग वहिनीला म्हणाला, “मापटं असंल तर द्या.”

वहिनी मापटं शोधायला वळली. मी गाडगं उचलून डोक्यावर घेतलं.