ओझे हलके, पण कोणाच्या खांद्यावर?



पौष लागला की आमच्या रत्नागिरीकडे माघी वारीची बोलणी सुरू होतात. आषाढीच्या दिवसांत कोकणातला शेतकरी लावणीच्या चिखलात गुडघाभर उभा असतो. त्याला घर सोडवत नाही. म्हणून आमच्याकडची पुष्कळ मंडळी माघ शुद्ध एकादशी गाठतात.

यंदा विठ्ठलमंदिरात भजन आटोपल्यावर एक तरुण आमच्यापाशी आला. पहिलीच पायी वारी. पाठीवर नवी कोरी सॅक. म्हणाला, "बुवा, सामान भरलंय. एकदा बघून घ्याल काय?" आम्ही ती उचलून पाहिली आणि गपचूप खाली ठेवली. जवळच्या वाण्याच्या काट्यावर घातली तर भरली १४ किलो. पोर स्वतः ६० किलोच्या आतबाहेर. म्हणजे अंगाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्याने पाठीवर घेतला होता.

आम्हाला हसू आले. पण ते त्याचे नव्हे, आमचेच. कारण बावीस वर्षांमागे आम्ही पहिल्या वारीला निघालो तेव्हा आमची गत याहून वेगळी नव्हती. डोईवर वळकटी, खांद्याला पिशवी, हातात फराळाचा डबा. हातखंबा, पाली, साखरपा इथपर्यंत नामाच्या भरात निभले. पुढे आंबा घाट लागला. चढावर आमच्या पुढे एक म्हातारी माउली डोईवर तुळशीवृंदावन घेऊन चालली होती. वळणावर तिचा पाय मुरगळला, तोल गेला. आम्ही दोन हातांवर होतो. पण पुढे करायला आमच्यापाशी हात कुठे होता? दोन्ही हात आमच्याच सामानाने धरलेले! मागून एक वयस्क बुवा आले, त्यांच्या खांद्याला फक्त पडशी. त्यांनी एका हाताने वृंदावन सावरले नि दुसऱ्याने त्या माउलीला. आम्ही नुसते पाहत राहिलो.

रात्री मुक्कामावर त्या बुवांनी आमचे गाठोडे सोडायला लावले. एकेक जिन्नस बाहेर काढीत आणि विचारीत, "माउली, हे कशाच्या भयानं घेतलंत?" चौथे धोतर कशाला? लोक काय म्हणतील या भयाने. चिवड्याचा मोठा डबा? भुकेच्या भयाने. दुसरी चादर? देशावरच्या थंडीच्या भयाने. आमचे उत्तर दर वेळी एकच येऊ लागले. तेव्हा लक्षात आले की आपण सामान भरतो म्हणतो, पण खरे तर भये भरतो. उद्या काय होईल हे ठाऊक नसते, त्या न कळणाऱ्या उद्याला आपण बांधून पाठीवर घेतो.

मग दुसऱ्या वर्षी आम्ही काय केले? शहाणपणाचा अतिरेक! एक धोतर, एक पंचा, एक तांब्या एवढेच घेऊन निघालो. मनात मोठा डौल, की पाहा आमचे वैराग्य! सांगोल्याच्या अलीकडे एका मुक्कामी रात्री अशी थंडी पडली की दातावर दात बसेना. समुद्राकाठच्या माणसाला माघातली देशावरची रात्र काय ठाऊक? शेजारच्या माउलींनी न बोलता आपली अर्धी घोंगडी आमच्यावर ओढली. आम्हाला झोप लागली. पहाटे पाहतो तो तेच कुडकुडत बसलेले, आणि पंढरी येईपर्यंत त्यांचा खोकला आमच्या कानी होता. आमचे ओझे हलके झाले होते खरे, पण ते नाहीसे झाले नव्हते. त्यांच्या छातीवर जाऊन बसले होते.

वाचकहो, प्रश्न आहे तो हाच. हलके होणे दोन प्रकारचे असते. एक, गरजच कमी करून हलके होणे. दुसरे, आपले वजन दुसऱ्यावर टाकून हलके होणे. वरून पाहता दोन्ही सारखीच दिसतात. आत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे.

दिंडीबरोबर आता ट्रक असतो. पूर्वी बैलगाड्या असत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजाऱ्यांना ती मोठी दया आहे. तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु धडधाकट माणूस "ट्रक आहे ना!" म्हणून दोन पोती सामान भरतो, तेव्हा ते ओझे जाते कुठे? पहाटे कोणीतरी ते चढवतो, रात्री कोणीतरी उतरवतो, आणि ज्याचे ते आहे तो हात हलवीत चालताना म्हणतो, "वारीत काही लागतच नाही हो!" लागते, माउली. दुसऱ्याची पाठ लागते.

कोणी म्हणेल, मग वाटेवरच्या गावाने दिलेली भाकरही घेऊ नये काय? अवश्य घ्यावी. अमेरिकेत एमा गेटवूड नावाची अकरा लेकरांची आई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ॲपलेशियन डोंगराची तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट एकटी चालून गेली. पायात साधे कापडी बूट, खांद्याला घरी शिवलेली पिशवी, पांघरायला एक कांबळे आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. आजही कमी ओझ्याने चालणारे लोक त्या आजीचे नाव आदराने घेतात. वाटेत अनोळखी लोकांनी तिला जेवू घातले, निजायला जागा दिली. ते त्यांच्यावर ओझे झाले काय? आम्हाला तसे वाटत नाही. जे आनंदाने दिले जाते ते देणाऱ्यालाही हलके करते. जे आपण आधीच गृहीत धरून निघतो, ते मात्र दुसऱ्यावरचे ओझे होते. वारीतल्या अन्नदानाचेही तसेच. पंगतीत बसावे, पण पंगतीच्या भरवशावर स्वतःचे औषध घरी विसरू नये.

आणि आपल्या गाडगेबाबांना पाहा. त्यांचे सामान काय? एक मडक्याचे गाडगे नि एक खराटा. गाडगे स्वतःच्या पोटासाठी, खराटा कोणासाठी? ज्या गावात जातील त्या गावासाठी! म्हणजे त्यांच्या एवढ्याशा सामानातले निम्मे दुसऱ्याचे होते. त्या हलक्या माणसाने पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या करविल्या, म्हणजे मागून येणाऱ्या गरिबाला छप्पर पाठीवर वाहून आणावे लागू नये. १९५६ साली ते गेले, छपरे राहिली.

आता त्या तरुणाला आम्ही काय सांगितले ते थोडक्यात लिहितो, म्हणजे आणखी कोणा नवख्याला उपयोग होईल.

आधी सामान ठरवावे, मग सॅक घ्यावी. सॅक मोठी घेतली की ती रिकामी पाहवत नाही, माणूस ती भरतोच. ओझे अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवावे. ६० किलोच्या माणसाला ६ किलो पुष्कळ झाले. अंगावरचे सोडून एक जोड कपडे बस्स. रात्री धुवावे, सकाळी घालावे. जाड टॉवेल दिवसभर वाळत नाही, पंचा लगेच वाळतो. पांघरूण सोडू नये. मात्र एकच, उबेचे आणि वजनाला कमी असे पाहावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. गावोगावी पाणी मिळते, तेव्हा एक बाटली पुरे. पायातले वजन पाठीवरच्या वजनाहून अधिक दमवते, म्हणून पादत्राण हलके आणि महिनाभर वापरून मऊ झालेले असावे. नव्या चपलेने वारीला निघू नये. आपले रोजचे औषध, मोजून, दोन दिवस अधिक धरून घ्यावे. ते विसरणाऱ्यासाठी रात्री साऱ्या दिंडीची धावपळ होते.

मंदिरातून निघताना आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "बाबा, हलकं होण्याचं कौतुक करू नकोस. एक हात मोकळा राहील एवढंच बघ. पुढं तीनशे किलोमीटरच्या वाटेवर कोणाचा ना कोणाचा पाय मुरगळणारच."

आठवड्याने तो पुन्हा आला. काट्यावर भरले साडेपाच किलो. आम्ही आत डोकावून पाहिले तो एका कोपऱ्यात मलमपट्टीची लहान पुडी आणि सुईदोरा.

"हे कशाच्या भयानं घेतलंस रे?" आम्ही विचारले.

"भयानं नाही, बुवा. हे माझं नव्हेच."

"मग कोणाचं?"

"ते वाटेत कळेल," पोर म्हणाले.

आम्ही त्याच्या सॅकचा बंद आवळून दिला. वाचकहो, आपापली पडशी बांधताना आपणही एकदा आत पाहावे: यात भय किती, गरज किती, आणि दुसऱ्यासाठी म्हणून काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पडशी कितीही हलकी असली तरी ती अजून नीट भरलेली नाही असे समजावे.

रामकृष्ण हरि.