विझलेल्या तेजाचें ऋण

आमच्या घरीं आजोबांचें एक जुनें मनगटी घड्याळ आहे. पूर्वीं रात्रीं त्याचे आंकडे हिरवट चमकत, असें ते सांगत. आम्हां नातवंडांनीं तें तेज कधींच पाहिलें नाहीं. परवां जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या एका गृहस्थांनीं तें विकत मागितलें व किंमतही बरी देऊं केली. घड्याळजीकडून तें उघडून, तबकडी साफ करून घ्यावयाची असा त्यांचा बेत होता. तेव्हां मनांत जो प्रश्न उभा राहिला, तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

तें तेज रेडियमचें. १८९८ सालीं क्यूरी दांपत्यानें शोधून काढलेलें हें द्रव्य झिंक सल्फाईडमध्यें मिसळलें म्हणजे किरणांच्या माऱ्यानें तें मिश्रण अंधारांत चमकतें. या माऱ्यानें झिंक सल्फाईड कांहीं वर्षांतच निकामी होतें. रेडियम निम्में होण्यास मात्र सुमारें १६०० वर्षें लागतात. दिवा विझला तरी निखारा तसाच! घड्याळ बंद असेल तोंवर भय थोडें, हेंही सांगितलें पाहिजे. खरा धोका तें उघडल्यावर. वाळलेल्या रंगाची पूड श्वासावाटें किंवा बोटांवरून पोटांत जाते, आणि रेडियमची जात कॅल्शियमचीच असल्यामुळें शरीर त्याला हाडांत जागा देतें.

हें ज्ञान जगाला फुकट मिळालेलें नाहीं. अमेरिकेंत न्यू जर्सीमधील ऑरेंज गांवीं १९१७ पासून तरुण मुली तबकड्या रंगवीत. कुंचल्याला टोंक यावें म्हणून तो ओठांत धरावा, अशी त्यांना शिकवण. आणि रंग निरुपद्रवी आहे असें आश्वासन. त्याच कारखान्यांतील रसायनज्ञ शिशाच्या आडोशामागें काम करीत! पुढें मुलींचे दांत पडूं लागले, जबडे कुजले. १९२७ सालीं ग्रेस फ्रायर व तिच्या चार सोबतिणी न्यायालयांत गेल्या. १९२८ मध्यें तडजोड होऊन प्रत्येकीस दहा हजार डॉलर्स आणि सालीना सहाशे ठरले. तो रंग तयार करणारे साबिन फॉन सोखोकी हेही त्याच वर्षीं रक्तक्षयानें वारले. रात्रीं किती वाजले हें दिसावें, एवढ्यासाठीं हें सर्व.

प्रारंभीं फारसें कोणास ठाऊक नव्हतें, त्या अज्ञानास मी पाप म्हणणार नाहीं. ज्याला ठाऊक होतें तो गप्प बसला, तेथून पापास आरंभ झाला.

आतां माझी गोष्ट. एक व्यवहारी स्नेही म्हणाले, "विकणारानें इतकें कशाला सांगावें? घेणारानें डोळे उघडे ठेवावेत." पण डोळ्यांना दिसणारी ही वस्तूच नव्हे. विळीची धार दिसते, म्हणून विळी विकणाराला कोणी दोष देत नाहीं. बरें, घेणारास सर्व सांगितलें व तो तयार झाला, तरी प्रश्न मिटतो का? तबकडी खरवडणार घड्याळजी. आमच्या सौद्यांत त्याला कोणीं विचारलें? ज्याच्या हाडांवर बेतणार तोच सौद्याबाहेर, हें ऑरेंज गांवींही असेंच होतें.

मीं त्या गृहस्थांस सर्व सांगितलें. ते हंसले, आणि पुन्हां आले नाहींत. मग नेहमींच्या घड्याळजींकडे गेलों. तीस वर्षें ते हीच विद्या करीत आले आहेत. तबकडीवरची धूळ तोंडानें फुंकून उडविण्याची त्यांची जुनी संवय. माझें बोलणें त्यांनीं भिंग डोळ्यावरून काढून ऐकलें. मग बराच वेळ टेबलावरच्या उघड्या घड्याळांकडे पाहत ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, एवढे शिकलेले लोक आमच्या दुकानांत येतात. आजवर कोणीच कसें बोललें नाहीं?"

मीही त्यांच्याकडे वीस वर्षें जात होतों.