शाळेची यादी आली का?

पुणे, 12 मे

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर म्हणालीस, "मामा, पोरगी तिसरीत जातेय आणि नुसत्या वह्या-पेन्सिलींच्या खर्चाने डोकं फिरलंय." असल्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहायला बसलो. माझा जन्म स्टेशनरीच्या काउंटरमागे गेला. मे-जूनमध्ये गिऱ्हाइकाचे पैसे कुठे जातात, ते मी आतल्या बाजूने पाहिलंय. एकाच वहीच्या दरात या दुकानात नि त्या दुकानात फार तर चार-दोन रुपयांचा फरक. पैसे जातात ते नको असलेल्या वस्तूंवर, आणि हलकी घेऊन पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या वस्तूंवर.

तेव्हा बाजारात जायच्या आधी गेल्या वर्षीचं दप्तर घरात उलटं कर. कंपासपेटी, पट्टी, निम्मे खडू, दोन-तीन अर्धवट पेन्सिली निघतीलच. अर्ध्या वह्यांची कोरी पानं काढून बाइंडरकडे दे. वर्षभराच्या कच्च्या वह्या त्यातून सुटतात. आमच्या लहानपणी हे घरोघरी चालायचं. आता लोकांना उगाच कमीपणा वाटतो.

तुझी लेक अनुदानित शाळेत, म्हणजे बालभारतीची पुस्तकं फुकट मिळतील. आठवीपर्यंत तशी सोय आहे. मधे 2023 पासून सरकारने पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली होती. दप्तर हलकं होईल, वह्या कमी लागतील, असा हिशेब होता. पोरं वह्या नेतच राहिली, आणि 2025 च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला. तेव्हा वह्या घ्याव्या लागणारच.

वही घेताना मुखपृष्ठ बघू नकोस. मधलं पान उघड, कोपऱ्यात पेनाने चार अक्षरं लिही आणि पान उलट. अक्षरं मागे उमटली, शाई पसरली, की ती वही ठेवून दे. दुकानदार कुरकुरला तर म्हणावं नमुन्याची वही दाखवा. चांगला दुकानदार ती ठेवतोच. साधारण 54 ते 58 जीएसएमचा कागद पेन्सिलीला नि बॉलपेनला पुरतो. शाईच्या पेनाला 60 च्या वरचा बरा, पण तिसरीला त्याची गरज नाही. मग मधोमध उघडून शिवण बघ. पिना मारलेली जाड वही गणपतीपर्यंत मधली पानं सोडते. जाड असेल तर शिलाईचीच घ्यावी, पातळ असेल तर पिना चालतात.

पानांचा आकडाही वाच. समज, एक वही 172 पानी, किंमत 50; शेजारची 200 पानी, 55. हात आपोआप पन्नासवालीकडे जातो, पण पानाला पडणारा दर काढलास तर दुसरीच स्वस्त. शिवाय कित्येक वह्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अनुक्रमणिका नि छापील मजकुराची पानंही यातच धरली आहेत.

असं असलं तरी तिसरीला 200 पानी वही नकोच. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या वर नसावं, असं राज्य सरकारने 2015 मध्येच सांगितलंय. पंचवीस किलोच्या पोरीला अडीच किलो, त्यात डबा नि पाण्याची बाटलीही आली. शंभर पानी घे, आणि फक्त पहिल्या सत्रापुरत्या. दिवाळीनंतर उरलेल्या घे. तेव्हा दुकानात गर्दी नसते, माल पडून असतो, घासाघीस ऐकून घेतली जाते. आणि तोवर बाईंनी दोन विषयांच्या वह्या बदललेल्या असतातच!

पेन्सिलीचं म्हणशील तर टोक न केलेली बाजू डोळ्यासमोर धर. शिसं लाकडाच्या बरोबर मध्यभागी हवं. एका बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनर एकीकडचं लाकूड जास्त खातो आणि शिसं सारखं तुटतं. डझनाची पेटी घ्यायची, पण मुलीच्या हाती एका वेळी दोनच. बाकीच्या फळीवर. सुगंधी, फळांच्या आकाराची खोडरबरं कागद काळा करतात. साधं पांढरं उत्तम.

2025 च्या 22 सप्टेंबरपासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, खडू यांवरचा जीएसटी शून्य झालाय. कंपासपेटीवरचा 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पेनांवर मात्र 18 टक्के आहेच. वहीच्या बिलात कुणी कर लावला तर विचार, लाजू नकोस. छापील किंमत ही कमाल किंमत असते, हेही ध्यानात असू दे.

घाऊक घ्यायचं तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ये, पण रविवारी नको आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तर मुळीच नको. सकाळी दुकानं उघडताना आलीस तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून वह्यांचा गठ्ठा घेतला तर दर उतरतो. किरकोळ गोष्टी मात्र तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घे. दुरेघीऐवजी एकरेघी वही आली तर दुकानदार बदलून देतो. ऑनलाइनवाल्याकडे परत पाठवायचा खटाटोप वहीपेक्षा महाग पडतो.

शाळेने अमुकच दुकानातून घ्या म्हटलं तर? तशी सक्ती करता येत नाही, शिक्षण खात्याचे तसे आदेश आहेत. भांडायला जाऊ नकोस, आणखी दोन पालकांना घेऊन मुख्याध्यापकांना शांतपणे विचार.

वाचवलेले पैसे दप्तरात घाल. पट्टा जिथे पाठीला जोडलेला असतो तिथली शिवण दुहेरी हवी. हाताने जोरात ओढून बघ. चेन दहा वेळा उघडझाप कर. जुन्या दप्तराची फक्त चेन गेली असेल तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे रनर बदलून मिळतो, नवं घेऊ नकोस.

आणि हो, पोरीला बरोबर ने. पन्नास रुपये तिच्या हातात दे, तिच्या मर्जीचे. चमचमती पेन्सिल घेईल, युनिकॉर्नचं खोडरबर घेईल, घेऊ दे. त्यावर तू एक शब्द बोलायचा नाहीस. आख्ख्या यादीत तिच्या आवडीचं काहीतरी हवं ना!

यादी हाती आली की फोटो पाठव. कशावर काट मारायची ते रात्री जेवणानंतर बघून ठेवतो.

तुझा,
दादामामा

ता. क. रेनकोट घेऊ नकोस. सुमीच्या धाकट्याला लहान झालेला पडलाय, रविवारी आणून देतो.