अपत्यस्नेह आणि अनभिष्वंग

केस पिकले, अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या आणि अपत्याचे अपत्य दृष्टीस पडले, म्हणजे गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. आज नेमक्या याच वयात आईबापांना निराळेच बोलावणे येते. मुलगा बंगळुरास, मुलगी दुबईस, आईबाप नाशकास किंवा इंदुरास. आणि नाताळच्या सुट्टीत सर्वांनी मिळून आठ दिवस अंदमानास जावे, असा बेत मुले ठरवितात. बहुधा तिकिटे काढून झाली म्हणजे वडीलधाऱ्यांस कळते. प्रसंग आनंदाचा खरा; परंतु त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. कर्त्या झालेल्या मुलांच्या संगतीत आईबापांचे स्थान कोणते? मालकाचे, धनकोचे, की अतिथीचे?

पुष्कळांच्या मनात, बोलून दाखविली नाही तरी, धनकोची भावना असते. आम्ही पोटाला चिमटा घेऊन यांना शिकविले. आता यांनी आम्हांस फिरविले तर त्यात विशेष ते काय? उलटपक्षी, मुलाने हॉटेलाचे बिल चुकते केलेले पाहून संकोचाने अर्धमेले होणारे वडीलही असतात. दोघांचा हिशेब एकाच वहीतला आहे. आपल्या परंपरेने मात्र ही वही निराळ्या रीतीने मांडली. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांचा उल्लेख येतो. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फिटते. या शेवटच्या ऋणाची फेड किती विलक्षण आहे पाहा! ज्यांच्याकडून घेतले त्यांस परत करावयाचे नसून, मागून येणाऱ्यांच्या पदरात घालावयाचे आहे. मुलगा आपल्या लेकराच्या पायांची वाळू झाडतो, त्याला पाण्यात हात मारावयास शिकवितो, तेव्हा तो आपल्या वडिलांचेच देणे फेडीत असतो. वृद्धांची सेवा हे अपत्यांचे कर्तव्य आहेच, त्यातून कोणाचीही सुटका नाही. परंतु ती वसुली म्हणून मागता येत नाही.

घरी ही गोष्ट लवकर ध्यानात येत नाही, कारण तेथे आईचे स्वयंपाकघर असते, वडिलांची खुर्ची ठरलेली असते. हॅवलॉक बेटावर, ज्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, भाड्याच्या खोलीत सासू आणि सून सारख्याच परक्या. अंदमान देशाच्या पूर्वेस फार दूर, पण घड्याळ देशाचेच; त्यामुळे डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य वर येतो आणि सायंकाळी पाचाच्या सुमारास मावळतो. पहाटे उठणाऱ्या वृद्धांची स्नानसंध्या आटोपून उन्हे चढली तरी मुलांची दारे बंदच. मग कुरबुर सुरू होते. नातवंडे मोबाईलकडे पाहत जेवतात. एका दिवसाच्या बोटीला सून जे मोजते, त्यात पूर्वी आमचा महिना निघत असे. या तक्रारी खऱ्याही असतील. पण त्यांवर निवाडा देण्याचे पद आता आपल्याकडे उरले आहे काय?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पुत्र, पत्नी, गृह इत्यादींविषयी असक्ती आणि अनभिष्वंग असे दोन शब्द योजिले आहेत. एकाच अर्थाला दोन शब्द कशास, अशी शंका येईल. श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तिचे निरसन केले आहे. अभिष्वंग ही आसक्तीचीच एक विशेष जात. तीत मनुष्य दुसऱ्याशी इतका एकजीव होतो की, तो सुखी तर मी सुखी, तो दुःखी तर मी दुःखी, त्याचे जगणेमरणे तेच माझे, असे मानू लागतो. आईला हे वर्णन दोषाचे न वाटता गौरवाचेच वाटेल! यालाच तर आपण वात्सल्य म्हणतो. पण बारकाईने पाहावे. समजा, एखाद्या सायंकाळी मुलगा व सून यांच्यात अबोला झाला आणि समुद्रकाठी दोघे दूर दूर चालू लागली. अभिष्वंगात गुरफटलेल्या आईचे त्या रात्री जेवणावरून मन उडते. आता त्या दोघांना आपल्या भांडणाबरोबर आईचे दुःखही सावरावे लागते. जिचे मन ठिकाणावर आहे, तिला त्यांचे दुःख दिसते, पण त्यात ती आपले दुःख मिसळीत नाही. म्हणूनच तिच्यापाशी येऊन कोणी रडू शकते. ज्ञानेश्वरमहाराजांनी या स्थळी बिऱ्हाडी उतरलेल्या वाटसरूचा दृष्टान्त दिला आहे. आठ दिवसांच्या खोलीत बसून तो समजून घेण्यास टीकेची गरज पडू नये.

हा कोरडेपणा नव्हे काय, असे कोणी विचारील. अंदमानच्या खाड्यांतून दाट कांदळवने आहेत. कांदळाचे बीज झाडावर असतानाच रुजते. त्याचा कोंब वीतभर, कधी त्याहूनही लांब होईपर्यंत झाड त्याला पोसते आणि मग सोडते. काही कोंब जागच्या चिखलात उभे राहतात, काही भरतीओहोटीबरोबर दूर जाऊन तेथे मूळ धरतात. झाडाने पोसण्यात कसूर केली, असे कोण म्हणेल?

मात्र रुसव्याला वैराग्य समजू नये. दोहोंत मनुष्य गप्पच असतो. पण रुसलेला आपली गप्पी कोणाच्या लक्षात आली की नाही हे चोरून पाहत असतो. तसेच, सर्वांनी प्रवाळ पाहण्यास पाण्यात उतरावे आणि आजीने रोज तान्हे मूल सांभाळीत खोलीत बसावे, याला अनासक्तीचे नाव देऊन मुलांनी मोकळे होऊ नये. एखादे दिवशी आजीने सरळ म्हणावे, "आज मीही येणार, बाळाला आळीपाळीने घेऊ." गीतेने अन्याय सोसावयास सांगितलेले नाही.

श्रीविजयपुरम्, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथील सेल्युलर जेल पाहण्यास सर्व कुटुंब जातेच. मराठी आजोबांस तेथे किती सांगू आणि किती नको असे होते. बाबाराव आणि विनायकराव सावरकर हे सख्खे बंधू एकाच वेळी येथे कैदेत होते, तरी दीर्घकाळ त्यांची भेट होऊ दिली गेली नाही. नातवंडे ऐकतात न ऐकतात, त्यांचे डोळे समुद्राकडे असतात. तेथे आग्रह धरू नये. कधी एखादे पोर गजांना हात लावून आपणहून विचारते, "इतके जवळ होते, मग एकमेकांना दिसत कसे नव्हते?" तेव्हा त्याला हाती धरून मधल्या मनोऱ्याशी न्यावे आणि दाखवावे, की एका ओळीच्या कोठड्यांचे तोंड दुसऱ्या ओळीच्या पाठीकडे येईल, अशीच ही इमारत बांधलेली आहे. पुढचा प्रश्न त्याला सुचेल तेव्हा तो विचारील.