तांब्याची गोळी आणि आपली सदसद्विवेकबुद्धी

दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे. पंचधातूची, मागील टोकास मेंढ्याचे शिर असलेली ही तोफ पाहताना मानवी हातांचे कौशल्य आणि त्याच हातांची संहारक वृत्ती एकदमच नजरेस पडते. धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत आम्ही तेथे गेलो असता, कॅलिफोर्नियाहून सुटीवर आलेल्या एका तरुणाने आम्हांला विचारले, "फादर, तिकडे मी परवाना काढून शिकार करतो. माझी रायफल जुन्या धाटणीची, मोठ्या बोअरची दुनळी आहे. आता मी शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरतो. तिने विष पसरत नाही. मग माझ्या शिकारीत गैर ते काय उरले?"

उत्तर देण्यापूर्वी प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण मांसात पसरतात. शिकारी जनावराचा कोथळा रानात टाकून देतो. तो गिधाडे खातात आणि शिशाच्या विषाने मरतात. कॅलिफोर्नियाची कॉन्डोर गिधाडे १९८२ साली अवघी बाविसाच्या आसपास उरली होती. पुढे पैदास करून रानात सोडलेल्या पक्ष्यांचाही सर्वांत मोठा वैरी शिसेच ठरले. म्हणून त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्णपणे बंद झाली. तांब्याची गोळी सहसा अशी विखुरत नाही. मात्र तांबे शिशाहून हलके व कठीण. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि जुन्या, पातळ नळीतील आट्यांवर ताण येण्याची भीती असते. वाडवडिलांच्या काळची बंदूक जपावी की गिधाड, असा हा पेच आहे. तरुणाने गिधाडाची बाजू घेतली, याचे आम्हांस कौतुक वाटले.

आपल्याकडेही गिधाडे गेली, ती मात्र गोळीने नव्हे. आजारी गुरांना कळवळ्याने दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि काही जातींची गिधाडे शंभरातील नव्वदांहून अधिक नाहीशी झाली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. कारण उमगल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करण्यात आले. संत थॉमस अक्वायनस यांनी एकाच कृत्याच्या दुहेरी परिणामाचा विचार मांडला आहे. जो परिणाम आपण इच्छिला नाही, तो आपल्या हेतूबाहेरचा असतो. पण तो एकदा कळल्यावर डोळेझाक करणाऱ्यास "माझा हेतू तसा नव्हता" असे म्हणता येत नाही. ज्ञानाबरोबर जबाबदारी वाढते.

परंतु येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवणाऱ्या महंमद तुघलकाने १३३० च्या सुमारास चांदीच्या नाण्याऐवजी तांब्या-पितळेचे नाणे चालवले. लोकांनी घरोघरी खोटी नाणी पाडली आणि शेवटी सुलतानाला ती परत घ्यावी लागली. धातू बदलला, लोभ होता तेथेच राहिला. तांब्याची गोळी गिधाडास वाचवते, पण जिच्यावर ती झाडली त्या हरिणीस ती काय सांगणार?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास तिची हरकत नाही. परंतु त्यांना विनाकारण दुःख देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही. घरट्यातील पिले घेणाऱ्याने पक्षिणीला सोडून द्यावे, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. घेणाऱ्या हातालाही तेथे मर्यादा घातली आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद केली. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावरापुरती मात्र अधिकाऱ्याच्या आदेशाने मुभा ठेवली. अशाच आदेशानंतर २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात 'अवनी' वाघीण मारली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गोळी कोणत्या धातूची, हे कोणी विचारले नाही. मारणे खरोखर अटळ होते काय, एवढेच लोक विचारीत होते. तोच मूळ प्रश्न आहे.

हा प्रश्न शिकाऱ्यापुरता नाही. लग्नाच्या जेवणावळीत आपण प्लास्टिकच्या ताटल्या सोडून पत्रावळी आणल्या, हे चांगलेच झाले. पण त्या पत्रावळींवर तितकेच अन्न उष्टे टाकले जात असेल, तर आपणही केवळ धातूच बदलला आहे.

संत ह्युबर्ट यांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. शिकारीच्या नादात असताना त्यांना हरिणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्यांचे जीवन पालटले. शिकारी त्यांना आपला आश्रयदाता संत मानतात.

आम्ही त्या तरुणास म्हणालो, "बाळा, गोळी बदललीस, हे उत्तमच केलेस. त्यात मागे फिरू नकोस. पण पुढच्या वेळी नेम धरशील तेव्हा एवढेच स्वतःला विचार: या मांसाची माझ्या घराला गरज आहे, की या क्षणाची मला हौस आहे? उत्तर मला सांगू नकोस. प्रभूला सांग."