ठेव की भिक्षा?

माउलींच्या कृपेने आमची चाळीस वर्षे कीर्तनात गेली. एवढ्या वर्षांत आम्ही बोललो त्यातले पुष्कळसे वाऱ्यावर गेले, त्याचे आम्हास वाईट वाटत नाही. परंतु एक वाक्य वाऱ्यावर न जाता एका गरीब घरात जाऊन बसले आणि त्या घराची चूल विझायची वेळ आली. ते वाक्य आमचेच होते. म्हणून आज हा विषय वाचकांपुढे मांडणे आम्हास प्राप्त झाले आहे.

आमच्या दिंडीत एक टाळकरी आहेत. भोसरीकडील एका लहान कारखान्यात ते बावीस वर्षे लेथवर काम करीत. पगार महिना 16,000 रुपये. 2020 साली करोनाची टाळेबंदी आली, कारखान्याचे काम आटले, आणि मालकाने जी माणसे कमी केली त्यांत यांचेही नाव निघाले. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या, त्यामुळे आमची गाठ पडली नाही. दिवाळी झाल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. घरच्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला तेव्हा त्यांच्या हातांत पाटल्या दिसल्या नाहीत. त्या सावकाराकडे गहाण पडल्या होत्या.

बाई म्हणाल्या, "महाराज, विम्याच्या कचेरीतून बेकारीचे पैसे मिळतात म्हणून शेजारच्यांनी अर्जसुद्धा आणून दिला. पण हे हात लावीत नाहीत. तुम्हीच सांगा यांना."

टाळकरी खाली मान घालून म्हणाले, "बुवा, सप्ताहात तुम्हीच सांगितले होते ना, की घरी बसून सरकारचा भत्ता खाणारा म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. मी तुमच्या मागेच उभा होतो."

खरे होते. आम्ही ते वाक्य टाकले होते, मंडळी खळखळून हसली होती, आणि आम्ही पुढच्या चरणाकडे वळलो होतो. आता त्या हशाची किंमत आमच्या समोर बसली होती.

आता शास्त्रदृष्टीने विचार करू. टाळकऱ्यांचा संकोच अगदीच निराधार होता असे नाही. दुसऱ्याचे दान स्वीकारणे यास शास्त्रात प्रतिग्रह म्हणतात, आणि प्रतिग्रहाने घेणाऱ्याचे तेज कमी होते असे स्मृतिकार मानतात. आपल्या संप्रदायातही जिथे कीर्तन करावे तिथले अन्न घेऊ नये अशी कडक शिस्त सांगितली आहे. (ती आमच्याकडून किती पाळली गेली हे विठ्ठलास ठाऊक. नारळ आणि पाकीट आम्ही मुकाट्याने घेत आलो, त्यास कोणी कधी आयते म्हटले नाही.) तेव्हा कष्टाचे खावे ही टाळकऱ्यांची निष्ठा मोलाचीच आहे. प्रश्न एवढाच की, हा भत्ता प्रतिग्रह ठरतो काय?

त्यासाठी हा पैसा येतो कोठून ते पाहिले पाहिजे. कामगारांच्या राज्य विम्याचा कायदा आपल्याकडे 1948 साली झाला. त्याप्रमाणे दरमहा कामगाराच्या पगारातून थोडा पैसा कापला जातो, मालक त्यात आपला हिस्सा घालतो, आणि सर्वांचे मिळून एक भांडार होते. जुलै 2019 पासून कामगाराचे शंभरास 75 पैसे आणि मालकाचे सव्वातीन रुपये असा दर ठरला. त्याआधी कामगाराचेच शंभरास पावणेदोन रुपये जात. म्हणजे आमच्या टाळकऱ्यांच्या 16,000 मधून शेवटी शेवटी दरमहा 120 रुपये जात होते आणि मालकाचे 520 त्यांच्या नावाने भरले जात होते. या भांडारातून आजाऱ्यास औषध, बाळंतिणीस रजेचा पगार, यंत्रात हात गेलेल्यास निर्वाह मिळतो. 2018 साली त्यात आणखी एक गोष्ट आली. काम सुटलेल्या विमेदारास जन्मात एकदा, 90 दिवसांपर्यंत, सरासरी रोजाचा चौथा हिस्सा द्यावा असे ठरले. 2020 च्या संकटात तो चौथा हिस्सा वाढवून अर्धा केला. हिशेब केला तर टाळकऱ्यांचे पुऱ्या 90 दिवसांचे सुमारे 24,000 रुपये होत होते.

मग यास भिक्षा कशी म्हणावी? धर्मशास्त्रात व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत ऋणादानानंतर लगेच येते ते निक्षेप, म्हणजे ठेव. आपलीच ठेव परत घेण्यास कोणी प्रतिग्रह म्हणत नाही.

येथे कोणी शंका घेईल की, ठेवीत जितके ठेवले तितकेच परत मिळते. येथे कोणास घातल्याहून अधिक मिळते, तर कोणास जन्मात काहीच मिळत नाही. मग ही ठेव कशी? शंका योग्य आहे. ही एकट्याची ठेव नव्हे, ही सर्वांची मिळून ठेव आहे. पूर्वी गावचे पेव असे. साऱ्या गावाने त्यात धान्य घालायचे, आणि ज्याच्या घरावर घाला पडेल त्याच्यासाठी ते उघडायचे. आम्ही टाळकऱ्यांना विचारले, "बावीस वर्षे तुमचे पैसे कापले गेले, त्यावर कोणाचे बाळंतपण झाले, कोणाचे हाड बसले, ते तुम्ही कधी विचारले का?"

"नाही बुवा."

"ज्यांचे झाले त्यांना तुम्ही नागोबा म्हणाल का?"

ते काही बोलले नाहीत. आम्हीच म्हणालो, "मग आज तुमच्यासाठी पेव उघडते आहे. काल तुम्ही घातले ते दान नव्हते, आज घ्याल ती भिक्षा नव्हे."

परंतु या निक्षेपाच्या प्रकरणात स्मृतिकारांनी एक फार मोलाची गोष्ट सांगून ठेवली आहे. ठेव परत न देणारा आणि ठेव न ठेवताच मागणारा, या दोघांनाही चोराचा दंड. दोन्ही पारड्यांत सारखे वजन! कामगाराच्या पगारातून पैसे कापून ते भरण्यास टाळाटाळ करणारा मालक पहिल्या पारड्यात बसतो. दुसरीकडे रोज कमाई चालू असताना "मी बेकार आहे" असे लिहून देणारा दुसऱ्या पारड्यात. सप्ताहात आम्ही या दोघांवर बोलावयास हवे होते. आम्ही बोललो सरसकट सर्वांवर, आणि ते लागले नेमके सज्जनाला. लबाडास असली वाक्ये लागत नाहीत, तो पहिल्या रांगेत बसून हसतो!

अर्ज भरताना टाळकऱ्यांनी हातातले पेन खाली ठेवले. म्हणाले, "गणपतीच्या दिवसांत तीन आठवडे मी मंडईबाहेर भाजी विकली. कोणास ठाऊक नाही." आम्ही म्हणालो, "तुम्हास ठाऊक आहे ना? ते दिवस धरू नका." त्यांनी ते धरले नाहीत. पाच हजारांहून अधिक रुपये त्यांनी त्या घटकेस सोडले, तेही घरात सावकाराचे व्याज चढत असताना. अंगमेहनतीचे ब्रीद म्हणतात ते आम्हास त्या दिवशी दिसले.

आणि तिसरा एक दोष आहे, त्याला दंड सांगितलेला नाही म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही. आपली हक्काची ठेव अभिमानाने पडू द्यायची आणि घरच्यांना उपाशी ठेवायचे. पोष्यवर्गाचे पोषण हा गृहस्थाचा पहिला धर्म होय. आपले सोवळे बायकोच्या पाटल्यांवर पाळायचे, याला वैराग्य म्हणत नाहीत. टाळकऱ्यांना हे आम्ही तोंडावर सांगितले, कारण त्यांच्या या दोषात अर्धा वाटा आमचा होता.

आता ज्यांच्यापाशी विम्याचे कार्डच नाही त्यांचे काय? शेतमजूर, धुणीभांडी करणाऱ्या बाया, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, यांनी कोणत्या पेवात काय घातले आहे? येथे दामाजीपंतांची कथा आठवावी. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे त्यांनी रयतेस खुली केली. धान्य बादशहाचे, असे दरबार म्हणाला. पण ते पिकवले कोणी? रयतेनेच. खावयास आलेल्यांना संप्रदायाने कधी ऐतखाऊ म्हटले नाही. उलट त्यांच्या धान्याची रक्कम भरावयास देव स्वतः विठू महार झाला, असे परंपरा सांगते.

आपल्या महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीचे काम मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. त्यामागे वि. स. पागे यांची कल्पना होती. 1977 साली त्याचा कायदा झाला आणि 1979 च्या प्रजासत्ताकदिनापासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराकडून व्यवसायकर घ्यावा आणि खेड्यातल्या रिकाम्या हातास काम द्यावे, अशी त्याची रचना होती. त्यात असेही होते की, काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिले नाही तर बेकारभत्ता द्यावा. यातले मर्म पाहा. तो भत्ता बसून राहिल्याबद्दलचे बक्षीस नव्हता. मागणाऱ्याने आधी काम मागितले होते. ते न देऊ शकल्याबद्दल शासनावर बसलेला तो भुर्दंड होता. भूक लागलेल्या माणसाने काम मागावे आणि आपण त्याला आळशी म्हणावे, हा कोणता न्याय?

तात्पर्य, अन्न आयते की हक्काचे हे ते कोणाच्या हातून आले यावरून ठरत नाही. घेणारा खरे बोलला की नाही, आणि आपली पाळी नसताना तो पेव भरू लागला होता की नाही, यावरून ते ठरते. स्वतः वारीत गावोगावच्या पंगतीत जेवणाऱ्या आपल्या समाजास तरी हे कळावयास हरकत नाही.

टाळकऱ्यांचे पैसे पुढे आले. त्यातून व्याज फिटले आणि एक पाटली सुटली. दुसरी सुटावयास आणखी वर्ष गेले, तोवर त्यांना एका सोसायटीत रखवालदारीचे काम लागले होते. सप्ताह पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच कीर्तनात आम्ही तोच प्रसंग काढला आणि आमचे वाक्य सर्वांसमक्ष मागे घेतले. या वेळी कोणी हसले नाही. मागे टाळ मात्र एकदम चढला, आणि आम्हास वळून पाहण्याचा धीर झाला नाही.

राम कृष्ण हरि.