पट्ट्याला चिकटलेलं दही



इंदूरला आम्ही ओला-सुका कचरा वेगळा देतो आणि मोकळे होतो. पण न विसळलेली दह्याची पिशवी देवगुराडियाच्या प्लान्टमध्ये सरकत्या पट्ट्यावर जाते. दही पट्ट्याला लागतं, त्यावर पडलेला कागद ओला होऊन वाया जातो. पट्ट्याखाली खरवडणारी पट्टी असते, तरी चिकटा उरतोच; तो रोलरवर साचला की पट्टा एका बाजूला सरकतो. मग मशीन थांबवून कोणीतरी हाताने खरवडायचं.

भंडाऱ्याची ताटं घासायला आम्ही भांडतो, सेवा म्हणून! मग हे उष्टं कुणाच्या वाट्याला टाकलं? त्यांना पगार मिळतो, असं आम्हीही म्हणायचो. पगार कचरा निवडण्याचा. आता तांदूळ धुतलेल्या पाण्यातच पिशवी विसळतो.